भरल्या गाडीचं अलायमेंट

उत्तम मिस्तरींनी पहिल्या दिवशी माझं तोंड पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या.

तळोद्याच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. त्यांच्या गॅरेजमागे पत्र्याची एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेले. आमच्या घरी पावरी बोलतात. मराठी मी शाळेत शिकलेली. दारात उभी राहून वाक्य मनात दोनदा जुळवलं आणि म्हणाले, "नमस्कार. आपल्याकडे एक खोली भाड्याने देणे आहे, असे समजले."

एका जीपखालून फक्त डोकं बाहेर आलं. केस पिकलेले, कानावर पेन्सिल. ते माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले.

"डावी टाच आतून घसायनी," ते म्हणाले. "दफ्तर डाव्या खांदावर लटकावस ना? बदलत जाय. नई तं वीस वरीसमा कंबर वाकडी व्हई." मग घराच्या दिशेने ओरडले, "अवं, भाईर ये! बातम्यावाली उनी!"

खोली मिळाली. पण तीन वर्षं त्या अंगणात माझं नाव बातम्यावाली असंच राहिलं. मी अहिराणी बोलायचा प्रयत्न केला की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. तू हवामानच सांग."

मिस्तरी माणसांना चेहऱ्याने ओळखत नसत, टायरने ओळखत. रस्त्यावर कुणी हात केला की विचारत, "कोन व्हता तो?" आणि गाडीचा टायर आठवला की, "हां, तो आतून खायेल टायरवाला. बायकोसंगे पटत नई त्यानं." या दोन गोष्टींचा संबंध काय, हे मी एकदा विचारलं. "जो मानूस टायर खावाई जाये तवलोंग दखत नई, तो घरमा काय दखी?" लग्नाला गेले तरी मांडवाचा खांब किती कललाय ते आधी सांगत, मग आहेर देत. नवरदेव कसा आहे, हे त्यांना कधीच सांगता यायचं नाही.

गॅरेजवर पाटी होती. 'इथे गाड्या सरळ करून मिळतील. घाई असणाऱ्यांनी वाकडं जावं.' बरेच लोक वाकडे जात. रस्त्याला पुढे कॉम्प्युटरवर चाकं सरळ करून देणारी दुकानं झाली होती. तिथे बसायला सोफा आणि थंड पाणी. मिस्तरींकडे बसायला एक फुटका टायर होता, आणि त्यावर बसलं की ते म्हणत, "ऊठ, तो मन्हा शे."

त्यांची हत्यारं म्हणजे एक पोलादी पट्टी आणि हिरवा तंगूस, म्हणजे मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी. मणिबेलीकडच्या एका नावाड्याने ती त्यांना दिलेली. गाडीच्या दोन्ही बाजूंनी तंगूस ताणायचा, चाकाच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून अंतर मोजायचं, आणि दोन्हीत जो फरक येईल त्यावरून चाक कुठे बघतंय ते सांगायचं. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे सरकवायचे, म्हणजे चाक अडकून न राहता आपल्या जागी बसतं. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. एकदा धीर करून म्हणाले, "काका, यात मोजमापाची चूक किती येते?"

"मन्ही काही येत नई," ते म्हणाले. "पट्टीनी येत व्हई. तिले इचार."

ते स्वतः मात्र सरळ चालत नसत. तरुणपणी पाय मोडला होता आणि वाकडा जुळला होता, त्यामुळे चालताना ते सतत डावीकडे ओढले जात. अंगण ओलांडून दारापर्यंत जायचं, तर निघताना नेम जरा उजवीकडे धरत. पायाचं कुणी विचारलं की त्यांची ठरलेली तक्रार असे. "डाक्टरनी मन्हा पाय मी झोपेल व्हतू तव्हय बांधा. हवामा आवळा! उभा करीसन बांधाले नको का?"

हे 'हवामा आवळणं' म्हणजे त्यांच्या मते जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ होतं. आमच्या भागात तेव्हा गाड्या उंच करायची साथ आली होती. ज्याला कुणी सरपंचपदालाही उभं केलं नसतं, तो आधी गाडी उभी करायचा, चार इंच वर. असाच एक तरुण पांढरी गाडी घेऊन आला. मागच्या काचेवर त्याचाच हात जोडलेला फोटो होता. लांब स्प्रिंगा आणि लाल रंगाचे नवे शॉकअप त्याने मित्रांच्या मदतीने स्वतः बसवले होते. गाडी देखणी दिसत होती, फक्त खड्ड्यात गेली की कुईकुई करत होती.

"काय रे भो," मिस्तरी तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सभामा तुन्हा आगोदर गाडीच भाषण करत व्हई?"

"काका, आवाज बंद करा फक्त."

"कोना? गाडीना, का तुन्हा?"

तेवढ्यात गाडीतून त्याची आई उतरायला लागली. पाय जमिनीला पोचेना. ती बिचारी दाराला धरून लोंबकळत राहिली. मिस्तरींनी आपला तो फुटका टायर उचलला, तिच्या पायाखाली ठेवला आणि तिला हात दिला. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी टायर हलवलेला मी पाहिला नाही. मग तरुणाकडे वळून म्हणाले, "माय गाडीमा चढू शकत नई इतला उंच व्हई गया तू. आखो कितला व्हशी?"

आवाजाचं कारण त्यांनी खाली न वाकताच सांगितलं. चाकं अधांतरी लोंबकळत असतानाच मुलांनी सगळे बोल्ट घट्ट केले होते. गाडी जमिनीवर आली, वजनाने बसली, आणि बोल्टात पिळले गेलेले सांध्यातले रबराचे बुश फाटले. चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन पायांवर आल्यावर शेवटचा पिळा द्यायचा असतो.

"ध्यानमा ठेव," ते तरुणाला म्हणाले, "हवामा आवळेल बोल्ट नि हवामा देयेल वचन, जमीनवर उनं का दोन्ही फाटतस."

तरुण हसला. त्याला ते वाक्य आवडलं असावं. नंतर एका सभेत त्याने ते स्वतःचं म्हणून वापरलं, असं ऐकलं.

हे सगळं मी मजेने बघत होते. मग त्याच अंगणात माझ्या भावाची गाडी आली.

दिलवर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो अक्कलकुवा ते मोलगी काळीपिवळी जीप चालवतो. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं त्याच गाड्यांतून वर-खाली करतात. परवान्यावर नऊ माणसं असतात आणि गाडीत वीस. पुढे चालकासह चौघं, त्यामुळे चालक अर्धा दाराबाहेर. मध्ये पाच, मागच्या दोन बाकांवर सहा, टपावर तिघं, मागच्या शिडीवर दोघं. आमच्याकडे याला भरलेली गाडी म्हणतात. नऊ माणसांच्या गाडीला रिकामी म्हणतात. माझी आई दर बाजाराला याच गाडीत, मधल्या रांगेत बसते.

वीस माणसांनी गाडी मागे बसते, म्हणून दिलवरने मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले. मागची बाजू वर आली तर पुढची खाली दिसू लागली, म्हणून पुढे लांब स्प्रिंगा आणि उंच शॉकअप. आंब्याखाली दगडांवर जॅक ठेवून, मोबाइलवर व्हिडिओ बघत त्याने ते बसवले. मग नंदुरबारला जाऊन कॉम्प्युटरवर चाकं जुळवून आणली. त्यांनी छापील कागद दिला, सगळे आकडे हिरवे. दिलवरने तो प्लॅस्टिकमध्ये मढवून काचेखाली चिकटवला. पहिल्याच बाजारी, मोलगीच्या वाटेवरच्या देवगोई घाटात, भरलेली गाडी एका वळणावर दरीच्या बाजूला ओढली गेली आणि कठड्याला घासली. आई आत होती. ती मला एवढंच म्हणाली, "दाराजवळचे सगळे एकदम माझ्यावर आले."

मी दिलवरला मिस्तरींकडे घेऊन आले. दिलवरला ते पसंत नव्हतं. त्याने आधी कागद दाखवला.

मिस्तरींनी कागद लांब धरून वाचला. "बेस शे. कितला मानसं बठाडीसन काढा?"

"माणसं कशाला? नुसती गाडी होती."

"मंग नुसती गाडीच मोलगीले धाडत जाय," मिस्तरी म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. "घे, बातम्यावाली. वाच रातना बातम्यासमा."

आधी सगळे बोल्ट ढिले करून, गाडी जमिनीवर उभी करून त्यांनी पुन्हा आवळले. फाटलेले बुश बदलले. मग दिलवरला म्हणाले, "आते वीस मानसं लई ये."

"गोण्या ठेवतो ना वाळूच्या."

"गोनी हालत नई. मानूस हालस."

त्या दिवशी तळोद्याचा बाजार होता. 'तासभर बसा, फुकट मोलगीला सोडतो' असं सांगून दिलवरने डोंगरातली माणसं गोळा केली. आई मला भगर द्यायला आली होती, तीही बसली. मिस्तरींनी जातीने प्रत्येकाला जागा दिली. जो घाटात जिथे बसतो तिथेच तो बसला पाहिजे. टपावर तिघं चढले. शिडीवर दोघं लटकले. उभ्या गाडीला, अंगणात, भर दुपारी.

"दिलवर, तू असा सायबसारखा सरळ काबरं बठना? घाटमा दारमा लटकस ना? मंग लटक!"

दिलवर लटकला. मिस्तरी तंगूस ताणून पट्टी घेऊन चाकाशी बसले. कुणी खोकलं की ओरडत. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कोंबडी होती, तिने फडफड केली म्हणून त्याने ती खाली सोडली.

"ओ बाबा! ती वर ल्या! तिन्हं पन वजन धरेल शे!"

कोंबडी धरायला दोघं धावले आणि मोजमाप पहिल्यापासून सुरू झालं. शिडीवरच्या एकाने लघवीला जाऊ का असं विचारलं. "घाटमा जास का मधमाच?" मिस्तरींनी विचारलं. त्याने शिडी पुन्हा घट्ट धरली. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारत होते, गाडी कुठे चालली? टपावरचा एक जण म्हणाला, "कुठेच नाही. आमचं माप घेताहेत." सगळी गाडी हसली आणि मिस्तरींनी पट्टी आपटली.

मीही हसत होते. पण वर्गात त्याच आठवड्यात गुरुत्वमध्य शिकवला होता, आणि परवान्यावरचा नऊचा आकडा मला तिथूनच दिसत होता. मी हळूच म्हणाले, "काका, पण वीस माणसं बसवणंच चूक आहे ना? तुम्ही चुकीच्या वजनाला गाडी सरळ करताय."

पट्टी थांबली. ते उठले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बरोबर शे तुन्हं," ते म्हणाले. "नऊ ठेव. अकरा उतार. ये, तूच सांग, कोनले उतारू?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. कोंबडीवाला म्हातारा. तान्हं मूल घेतलेली बाई. शिडीवरची दोघं, ज्यांना बहुतेक वाटलं की मी त्यांचंच नाव घेणार. मध्ये आई, पिशवी मांडीवर घेऊन. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट थोडा अभिमान होता, की मुलगी एवढ्या लोकांसमोर बोलली.

मी गाडीपासून मागे सरकले. मिस्तरी परत चाकाशी बसले. "बातम्या संपन्यात," ते म्हणाले.

पुढचं चाक मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला एक सूत आत घेतलं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्यासाठी वीस माणसं तासभर बसली होती. मग ती सगळी तशीच मोलगीला गेली.

चार दिवसांनी दिलवर तावातावाने आला. "मिस्तरी, रिकामी गाडी डावीकडे जाते!"

"रिकामी कव्हय चालावस तू?"

"आता आणली ना!"

"मंग आते भर नि ली जाय. भरेल कशी जास?"

"ते तुम्हीच बसून बघा घाटात," दिलवर म्हणाला. शेजारच्या टपरीवर एकदम हसू फुटलं. मला ठाऊक नव्हतं, पण सगळ्या तळोद्याला ठाऊक होतं: मोलगीच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या ज्यांच्या हाताखालून जातात, त्या उत्तम मिस्तरींनी देवगोई घाट आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना साध्या उड्डाणपुलावरही चक्कर यायची. दुसऱ्यांच्या टाचा, कंबरा आणि संसार वाकडे ठरवणारा हा माणूस, पहिल्या वळणाच्या नुसत्या नावाने टायरवर बसला.

"येसू कव्हय तरी," ते म्हणाले. पण टाळत राहिले. कधी पाय दुखायचा, कधी अमावास्या असायची. दिलवर बाजारामागून बाजार गाडी नेत राहिला, आई बसत राहिली, आणि मी दर बाजाराच्या संध्याकाळी त्याच्या फोनची वाट बघत राहिले.

मिस्तरी आले ते थेट माझी परीक्षा संपल्यावर. मी खोली सोडून घरी गेले होते. त्या दिवशी अक्कलकुव्याहून संध्याकाळच्या बसने मला पुढच्या शिक्षणासाठी नाशिकला निघायचं होतं. पत्र्याची पेटी घेऊन मी आणि आई मोलगीच्या बाजारात दिलवरची वाट बघत थांबलो होतो. गाडी आली. पुढचं दार उघडलं आणि उत्तम मिस्तरी त्यातून उतरले म्हणण्यापेक्षा सांडले. एका हातात लिंबू, शर्टावर नको ते डाग.

त्यांच्या शेजारी बसून आलेल्या एका म्हातारीने सगळ्या बाजाराला हकिकत सांगितली. तिसऱ्या वळणावरच त्यांना उलटी झाली. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि आमचूरची, म्हणजे वाळवलेल्या कैरीची, फोड चघळायला दिली. त्यांनी सगळा घाट डोळे मिटून काढला. फक्त वर आल्यावर, सपाटीच्या सरळ तुकड्यावर, डोळे मिटलेलेच ठेवून ते दिलवरला म्हणाले, "स्टेरिंग सोड." दिलवरने हात उचलले. वीस माणसं श्वास रोखून बसली. गाडी सरळ गेली.

"जमनं," मिस्तरी म्हणाले, आणि पुन्हा ओकले.

सगळा बाजार त्यांनी गाडीच्या सावलीत बसून काढला. पोरंटोरं येऊन बघून जात होती. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी माझ्या नव्या चपलांकडे पाहिलं. "दफ्तर बदलत जाय," एवढंच म्हणाले.

दुपारी गाडी परत भरली. मी, आई, माझी पेटी, बाकीची माणसं, प्रत्येक जण आपापल्या जागी. मिस्तरी पुढे. घाटाच्या तोंडाशी, जिथून रस्ता खाली वळतो आणि एकदम सगळी दरी दिसते, तिथे ते ओरडले, "थांबाड!"

ते उतरले. मागे येऊन, ओठ हलवत, त्यांनी माणसं मोजली. टपावरची, शिडीवरची, आतली.

"मी धरीसन एकवीस व्हतंस," ते दिलवरला म्हणाले. "मी वीसनं करेल शे. एकवीसनं नई. तू जाय. मी पायी येस."

गाडीत हशा पिकला. शिडीवरचा एक जण म्हणाला, "मिस्तरी घाबरना!" मिस्तरींनी त्याला, नेहमीच्या सवयीप्रमाणे, तोंडावर काही ऐकवायला हवं होतं. त्यांनी फक्त हात हलवला. घाबरलेही असतील. चढताना काय झालं ते सगळ्यांनी ऐकलंच होतं. पण मोजताना त्यांची नजर माझ्यावर थोडी थांबली होती, आणि तासभर गाडीत बसवलेल्या त्या दुपारी त्यांनी मला विचारलेला प्रश्न मला तेवढ्यात आठवला.

दिलवरने गाडी सोडली. मागच्या काचेतून ते दिसत होते. उताराला पायी लागलेले, कठड्यापासून जपून, एका हातात लिंबू. पाय त्यांना डावीकडे, दरीकडे ओढत होता आणि दर दहा-बारा पावलांनी ते स्वतःला परत रस्त्याच्या मध्यावर आणत होते. दुसऱ्या वळणानंतर दिसेनासे झाले. आता ते गॅरेज बंद करून लेकीकडे सुरतेला गेलेत, असं आई सांगते.

गाडी सरळ चालली होती. दारातून लटकलेल्या दिलवरने मान वळवून विचारलं, "किती राहिले गं?"

मी मोजले. वीस होते. त्यात मी होते, माझी पेटी वेगळी. अजून कुणी उतरलं असतं तर एकोणीस झाले असते.

"वीस," मी म्हणाले, आणि आईला चिकटून नीट बसले.